शोरूमवाला ‘डिस्काउंट नाही’ म्हणाला तरी नवीन गाडीचा भाव कसा करायचा, कोकणातल्या माणसांसाठी

‘सर, या मॉडेलवर डिस्काउंट नाहीये’ हे ऐकलं की आपल्याकडची माणसं एकतर गप सही करतात नाहीतर तणतणत बाहेर पडतात. दोन्हीची गरज नसते. ते वाक्य एक्स-शोरूम किमतीबद्दल, म्हणजे आरटीओचा टॅक्स आणि विमा धरायच्या आधीच्या किमतीबद्दल असतं, आणि तेवढ्यापुरतं बरेचदा खरंही असतं, कंपनीची स्कीम चालू नसेल तर त्या आकड्यात डीलरच्या हातात फार काही नसतं. पण आपण पैसे भरतो ते ऑन-रोड, म्हणजे सगळं धरून, आणि एक्स-शोरूमपासून ऑन-रोडपर्यंत जाताना मध्ये ज्या पाच-सात ओळी असतात ना, घासाघीस तिथे करायची. मी हे शिकलो बाबांच्या गाडीच्या वेळी.

सप्टेंबर २०२४, गणपती नुकतेच गेलेले. आमच्या जिल्ह्यातल्याच एका शोरूममध्ये मी आणि बाबा बसलेलो, पेट्रोल हॅचबॅक बघायला. मुलगा चांगला होता, चहा आणला, गाडी दाखवली, टेस्ट ड्राइव्ह दिली आणि भावाचं विचारल्यावर म्हणाला, काका, डिस्काउंट काहीच नाही, वाटल्यास गणपतीची फ्रेम देतो. मी म्हटलं डिस्काउंट राहू दे, तू फक्त ऑन-रोडचं कोटेशन ओळी-ओळीने लिहून दे. त्याने छापील कागदावर पेनाने भरून दिलं ते असं होतं: एक्स-शोरूम ८,२०,०००, आरटीओ १,०३,०००, इन्शुरन्स ४६,८००, अ‍ॅक्सेसरीज किट २४,९००, एक्स्टेंडेड वॉरंटी १३,५००, हँडलिंग ८,५००, फास्टॅग ६००. टोटल १०,१७,३००. तो म्हणत होता आजच बुकिंग करा, रेट उद्या बदलू शकतो. बाबांनी तो कागद उचलून चार घड्या घातल्या, शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘झिला, ह्यो कागद माका घराक नेऊचो आसा, दोन दिवसांनी सांगतंय.’ माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच झालं. म्हणून पहिली गोष्ट, कोटेशन लेखी घ्या आणि त्या दिवशी बुकिंग करू नका, तोंडी आकड्याला काही अर्थ नसतो आणि नुसत्या टोटलला तर अजिबातच नसतो.

आता एकेक ओळ बघू.

आरटीओची ओळ आधी, कारण लोकांना वाटतं हा सरकारी आकडा आहे म्हणजे यात काही बोलायचंच नाही. सरकारी आहे म्हणूनच तो घरी बसून तपासता येतो. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल गाडीला एकरकमी टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३, डिझेलला प्रत्येक ठिकाणी दोन टक्के जास्त म्हणजे १३, १४, १५. आठ लाख वीस हजारावर ११ टक्के म्हणजे ९०,२००. त्यावर थोडा सेस, नोंदणीची फी ६००, स्मार्ट कार्डाचे २००, लोन असेल तर आरसीवर बँकेचा बोजा चढवायचे १,५००, सगळं मिळून ९४-९५ हजारांच्या आत बसतं. आमच्या कागदावर १,०३,००० होतं. वरचे आठ-साडेआठ हजार कसले विचारलं तर म्हणाला एजंटचं काम, फाईल पाठवणं वगैरे. आता नवीन गाडीची नोंदणी डीलर वाहन पोर्टलवर ऑनलाईनच करतो, आणि त्याच कामाचं म्हणून खाली हँडलिंगची वेगळी ओळ होतीच की! एका कामाचे दोनदा पैसे. मी भांडलो नाही, फक्त म्हटलं, टॅक्सची जी पावती निघेल तेवढेच पैसे आम्ही देणार, पावती दाखव. ‘पावतीप्रमाणे’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याला शोरूममध्ये कुणाकडेच उत्तर नसतं.

हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो, काहीही नाव असो, ही सरकारी फी नाही. गाडी गोडाऊनपासून शोरूमपर्यंत आणणं हा त्यांचा धंद्याचा खर्च आहे, ही ओळ काढा म्हणून सांगायचं आणि त्यावर हटून बसायचं. ही ओळ बहुतेक वेळा सगळ्यात आधी जाते.

इन्शुरन्स मात्र सावकाश समजून घ्या, कारण पैसा इथेच जास्त असतो आणि चूकही इथेच महागात पडते. नवीन खाजगी गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे, आणि त्याचा दर सरकार ठरवतं, २०२४ मध्ये १००० ते १५०० सीसीच्या गाडीला जीएसटी सोडून १०,६४० होता. तो कुठेही घ्या, तेवढाच. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, आणि वरच्या अ‍ॅड-ऑनमध्ये, म्हणजे जादा कव्हरमध्ये. डीलरकडूनच इन्शुरन्स घ्या अशी सक्ती तो करू शकत नाही. चेसिस नंबर मिळाला की तुम्ही ऑनलाईन किंवा ओळखीच्या एजंटकडून तोच इन्शुरन्स काढू शकता, पण तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तीच आहे का आणि अ‍ॅड-ऑन तेच आहेत का बघा, नाहीतर आयडीव्ही कमी धरून प्रीमियम स्वस्त दाखवलेला असतो आणि आपण खूष होतो. तुमच्याकडे मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आधीच असेल तर तो पुन्हा घ्यायची गरज नाही, तसं सांगायचं.

आणि एक कळकळीने सांगतो, पैसे वाचवायच्या नादात इंजिन प्रोटेक्शन वगळू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर कुणी चावी फिरवली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. आमच्या कोटेशनमध्ये गंमत अशी की चावी हरवल्याचं, सामान हरवल्याचं कव्हर होतं आणि इंजिनाचं नव्हतं! मी नको ती दोन काढली, हे घातलं, झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्ट्सचा घसारा न कापण्याचं कव्हर, ठेवलं, आणि तरी बाहेर ३४,२०० ला पॉलिसी मिळत होती. तो स्क्रीनशॉट शोरूमच्या मुलाला पाठवला, दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच आकडा करून दिला. मला त्यांच्याकडून घेणं सोयीचंच होतं, क्लेमच्या वेळी वर्कशॉप तेच बघतं, त्यामुळे मी त्यांच्याकडूनच घेतली.

अ‍ॅक्सेसरीजचं किट सरळ नाही म्हणायचं. लाल मातीत आणि आपल्या पावसात मड फ्लॅप आणि मॅट लागतातच, तेवढे मागून घ्या, ते देतात. सीट कव्हर, क्रोमच्या पट्ट्या, डोअर व्हायजर बाहेर निम्म्यात होतं. अंडरबॉडी कोटिंगबद्दल समुद्रकाठच्या माणसाला घाबरवतात, खारी हवा आहे काका, दोन वर्षांत पत्रा खाईल म्हणून. खारी हवा आहे हे खरंच आहे. पण गाडीच्या बॉडीला कंपनीतूनच गंजरोधक थर दिलेला असतो, त्यावर वाळूत गाडी घातल्यावर आणि पावसाळा संपल्यावर खालून गोड्या पाण्याने नीट धुतली तर बराच फरक पडतो. करायचंच असेल तर नंतर चार ठिकाणी भाव विचारून करा, गाडीच्या बिलात घुसवू देऊ नका. एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे कंपनीच्या मुदतीपुढची, आम्ही ठेवली, बाबा गाडी दहा वर्षं वापरणार हे माहीत होतं.

आता वेळेचं. कोकणात गाड्यांचा हंगाम ठरलेला आहे. आंब्याचे पैसे हातात आले की जूनपर्यंत एक लाट, मग गणपतीच्या आधी सगळ्यांनाच गाडी दारात हवी असते, मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनाही आणि गावातल्यांनाही. त्या आठवड्यात तुम्ही डिस्काउंट मागितलात तर तो मुलगा तुमच्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाकडे बघतो. आणि अनंत चतुर्दशी झाली की लगेच पितृपंधरवडा, शोरूम रिकामं. पितृपक्षात कुणी नवीन वस्तू घेत नाही, पण भाव करायला आणि कागद करायला कुठलाच पक्ष आड येत नाही, असं आमच्या भटजींनीच बाबांना सांगितलं. २०२४ मध्ये पितृपक्ष २ ऑक्टोबरपर्यंत होता, म्हणजे ३० सप्टेंबर त्याच्या आतच येत होता. महिनाअखेरही आणि तिमाहीची अखेरही! डीलरला कंपनीचं टार्गेट असतं आणि ते बहुतेक धरतात बिलिंगवर, डिलिव्हरी कधी दिली त्यावर नाही. म्हणून आमचं म्हणणं साधं होतं, बिल तुमच्या ३० तारखेच्या आत करा, गाडी आम्ही दसऱ्याला नेतो. माझ्या मते आमच्याकडच्या माणसाला यासारखी दुसरी संधी वर्षभरात नाही. पितृपक्ष नको वाटत असेल तर डिसेंबर बघा, त्या वर्षी बनलेल्या गाड्या डीलरला संपवायच्या असतात, फक्त तेव्हा आरसीवर बनावटीचं साल जुनं येणार आणि उद्या विकताना त्याचा भाव कमी येणार हे धरून चाला. पाच-सहा वर्षांत गाडी बदलणार असाल तर तेवढी सूट मोठी हवी, नाहीतर नको.

दुसरं शोरूम गाठल्याशिवाय भाव होत नाही. रत्नागिरीवाल्याने चिपळूणला विचारावं, सिंधुदुर्गवाल्याने कुडाळ-कणकवलीत, आणि दोघांनीही घाट चढून कोल्हापूरला विचारावं, फोनवर विचारलं तरी चालतं. टॅक्स राज्यभर सारखाच आहे आणि कंपनीची वॉरंटी कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते, त्यामुळे ‘तिकडे घेतली तर आम्ही सर्व्हिसिंग करणार नाही’ असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. पण एक बघा, पुष्कळदा कोल्हापूरचं शोरूम आणि आपल्याकडचं शोरूम एकाच मालकाचं असतं, बोर्डावर नाव वेगळं दिसतं आणि तुम्ही एकाच माणसाकडे दोनदा भाव विचारून येता. कोटेशनवर जीएसटी नंबर असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, दोन्ही कागदांवर तो पूर्ण नंबर सारखाच असेल तर ती एकच फर्म आहे. मग तिसरीकडे विचारा. गोव्यात टॅक्स कमी म्हणून पाहुण्यांच्या पत्त्यावर गाडी घेण्याचा विचार मात्र सोडून द्या, गाडी कायम महाराष्ट्रात ठेवली तर १२ महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो, टॅक्स इथे भरावाच लागतो.

फोनवर भाव विचारला की ‘शोरूमला या, बसून बोलू’ म्हणतात. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी पाठवा. मी तिघांनाही हेच पाठवलं होतं, जसंच्या तसं देतो:

‘नमस्कार. मला अमुक मॉडेल, अमुक व्हेरियंट, पांढरा किंवा ग्रे, ३० तारखेच्या आत बिल करायचं आहे. लोन मंजूर आहे. आरटीओ पावतीप्रमाणे, हँडलिंग नको, अ‍ॅक्सेसरीज किट नको, मॅट आणि मड फ्लॅप हवेत. इन्शुरन्स झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्शनसह. फायनल ऑन-रोड आकडा लिहून पाठवा. तिघांकडून मागवतोय, शनिवारी बुकिंग करणार.’

यात तुम्ही डिस्काउंट हा शब्दच वापरलेला नाही बघा. गिऱ्हाईक नक्की आहे, तारीख ठरलेली आहे, आणि आकडा शेजारच्यापेक्षा कमी हवा एवढं त्यांना कळतं. रंग एकच धरू नका, दोन चालतील म्हणा, कारण ज्या रंगाची गाडी त्यांच्या स्टॉकमध्ये उभी आहे ती काढायची त्यांनाही घाई असते. आणि त्या मुलाशी नीट बोला हो. पगार कमी, टार्गेट डोक्यावर, त्याच्या हातात काही नसतं, अधिकार टीम लीडरला किंवा मॅनेजरला असतो. ‘दादा, तुझ्या साहेबांना विचारून सांग’ म्हटलं की तो आपल्या बाजूने आत जाऊन बोलतो.

लोनकडे लोकांचं लक्ष नसतं. शोरूमच्या टेबलावर बसलेल्या फायनान्सवाल्याकडून लोन केलं तर डीलरला बँकेकडून कमिशन मिळतं, त्यामुळे ते आग्रह करतात. आधी आपल्या बँकेतून किंवा जिल्हा बँकेतून मंजुरी घेऊन जा. आठ लाख, सात वर्षं, ९ टक्क्यांना हप्ता साधारण १२,८७० येतो आणि साडेनऊला १३,०७५. दोनशे रुपये दिसतात पण ८४ हप्त्यांचे मिळून १७ हजार होतात. त्यामुळे ‘आमच्याकडून लोन केलं तर दहा हजार सूट देतो’ म्हणाले तर कागद-पेन घ्या, प्रोसेसिंग फी आणि लोन लवकर फेडलं तर लागणारा दंड धरून हिशोब करा आणि मगच हो म्हणा. जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा भाव आणि एक्स्चेंज बोनस दोन वेगळ्या ओळींत लिहून घ्या, आणि नवीन गाडीचा आकडा पक्का झाल्यावरच जुनीचा विषय काढा, नाहीतर इथे दिलेलं तिथे काढतात. सरकारी नोकरी, शिक्षक, बँक, मोठ्या कंपनीत असाल तर कॉर्पोरेट स्कीम आहे का विचारा, घरात त्याच कंपनीची जुनी गाडी असेल तर लॉयल्टी बोनस विचारा. हे कंपनी देते, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि सेस गेला, तेव्हापासून एक नवीन उत्तर ऐकू येतं, ‘किंमत आधीच एवढी उतरली आहे, आता अजून काय सूट मागता?’ ती सूट सरकारने दिली, डीलरच्या खिशातून एक रुपया गेलेला नाही. शांतपणे म्हणायचं, ते सगळ्यांनाच मिळालंय, तुमचं काय ते सांगा.

ज्या गाडीला खरोखर तीन-चार महिन्यांचं वेटिंग आहे तिथे यातलं बरंचसं चालणार नाही, हेही सांगून ठेवतो. तिथे डीलर उलट अ‍ॅक्सेसरीज घ्याच म्हणतो. तेव्हा हँडलिंग, पावतीप्रमाणे टॅक्स आणि इन्शुरन्स एवढ्यावरच ठाम राहा, आणि थांबता येत असेल तर थांबा, नवीन मॉडेलची गर्दी ओसरते. आमच्या वेळीही शनिवारपर्यंत आकडा आला नाही म्हणून मी रोज फोन करत होतो तेव्हा बाबा म्हणाले, ‘आंबो अढीत घातल्यार रोज उकलून बघूचो नसता.’ मी फोन करणं बंद केलं. गुरुवारी शोरूमवाल्यांचाच आला.

बुकिंग करताना ठरलेला आकडा, व्हेरियंट, रंग, काय फुकट आणि बुकिंग रद्द केलं तर पैसे परत, हे सगळं बुकिंग फॉर्मवर लिहून सही-शिक्का घ्या. पैसे फर्मच्या खात्यात भरा, कुणाच्या पर्सनल नंबरवर नाही, आणि दोन लाख किंवा जास्त रोख तर ते कायद्याने घेऊच शकत नाहीत. गाडी १० लाखांवरची असेल तर एक टक्का टीसीएस, म्हणजे तुमच्या नावावर आगाऊ भरला जाणारा इन्कम टॅक्स, लावतात, तो रिटर्न भरताना तुमच्या टॅक्समध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, खर्चात धरू नका.

उरलेले पैसे भरायच्या आधी गाडी बघायला जा, नोंदणी व्हायच्या आधी, आणि दिवसा उजेडी. आपल्याकडे स्टॉकच्या गाड्या पावसाळाभर उघड्यावर उभ्या असतात. मॅट उचलून कारपेटला हात लावून बघा, ओल किंवा कुबट वास आहे का. डिक्कीतलं स्टेपनीचं झाकण उघडून आत पाणी साचलंय का बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल, पाचही टायर जवळपासच्या तारखांचे हवेत. चेसिस नंबर बिलाशी जुळवा. काही चुकीचं दिसलं तर दुसरी गाडी मागा, नोंदणी झाल्यावर कुणी ऐकत नाही.

आमचा फायनल आकडा असा झाला: एक्स-शोरूम ८,२०,००० तशीच, आरटीओ ९४,५०० धरून वरखाली पावतीप्रमाणे, इन्शुरन्स ३४,२००, वॉरंटी १३,५००, फास्टॅग ६००, हँडलिंग आणि किट गेलं, मॅट-मड फ्लॅप फुकट. ९,६२,८००. आधीच्यापेक्षा ५४,५०० कमी, त्यातले साडेसहा हजार नंतर बाहेर सीट कव्हरला गेले. म्हणजे ४८ हजार, आणि त्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे शेवटपर्यंत डिस्काउंट काहीच नव्हता. बिल २८ तारखेला झालं. दसऱ्याला सकाळी गाडी आणली, गोंड्याची माळ घातली, बाबांनी नारळ फोडला, आणि मी त्या मुलाकडून टॅक्सची पावती, बिल, पॉलिसी आणि फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र, घेऊन प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवलं. पावती ९४,५०० पेक्षा थोडी कमी निघाली होती, वरचे पैसे त्याने न मागता परत केले.